गच्चीवरचं लोखंड

आमचा राजा घामानं निथळत होता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं नाटक मी बसवत होते, आणि तालमीला मोकळी जागा एकच, गच्ची. फेब्रुवारीतलं कोल्हापूरचं ऊन आणि अंगावर मखमली अंगरखा. दुसरा अंक संपला तसा राजानं अंगरखा उतरवला, पिळला आणि कोपऱ्यातल्या एका लोखंडी मांडणीवर वाळत टाकला.

त्याबरोबर पाण्याच्या टाकीमागून एक माणूस प्रकट झाला. उंच, वाळका, शर्टाची वरची गुंडीही लावलेली आणि दोन्ही हातांत पांढरेशुभ्र सुती हातमोजे. मला वाटलं, आमच्यात न सांगता कुणी जादूगाराचं पात्र घुसडलं.

"महाराज," तो राजाला म्हणाला, "तेवढा अंगरखा उचला. तुमच्या घामात मीठ हाय. माझं लोखंड हितं सुखानं गंजतंय, त्याला त्रास नको."

मी मराठी शिकवते. "सुखानं गंजतंय" असले शब्द ज्याच्या तोंडून पडतात, त्याला मी सोडत नाही. मी तालीम थांबवली, राजाला खाली चहाला पिटाळलं आणि त्या गृहस्थांना विचारलं, "आपण कोण?"

"मगदूम. भौतिकशास्त्र." मग मांडणीकडे हात करून, घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "आणि ही आमची मंडळी."

मंडळी म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या लोखंडी पट्ट्या. ओळीनं, तिरप्या, दक्षिणेकडे तोंड करून, चिनी मातीच्या गुंड्यांवर टेकवलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात ठोकून उमटवलेला क्रमांक. लावण्याआधी प्रत्येक पट्टी धुऊन, पुसून काट्यावर तोललेली. दर काही वर्षांनी सर त्यातल्या दोनचार उतरवत, वरचा गंज आम्लात विरघळवून टाकत आणि उरलेलं लोखंड पुन्हा तोलत. जेवढं कमी भरेल तेवढं हवेनं खाल्लं. बाकीच्या तशाच वर राहायच्या, पुढच्या वर्षांसाठी.

"मग दोन वर्षांत कळत नाही का काय ते?" मी विचारलं.

"बाई, पहिला अंक बघून तुमच्या नाटकाचा शेवट सांगता येतो?"

"नाटक चांगलं असेल तर नाही."

"लोखंड लई चांगलं नाटक हाय."

मग त्यांनी मला तिथेच, उन्हात, सांगितलं. सुरुवातीला लोखंड भराभर गंजतं. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. कधी गंजाचाच थर घोंगडीसारखा पांघरला जातो, आतलं लोखंड वाचतं आणि सगळं मंदावतं. कधी हवाच अशी असते, धुरानं आणि दमटपणानं भरलेली, की थर टिकत नाही, पापुद्रे सुटतात, खाली ताजं लोखंड उघडं पडतं आणि खाणं चालूच राहतं. आमच्या भागातल्या हवेत यातलं काय होतं, ते लहान वयाच्या पट्ट्या सांगू शकत नव्हत्या. ते शेवटी राहिलेल्या म्हाताऱ्या पट्ट्याच सांगणार होत्या.

तेव्हापासून गच्चीवर आमचा संसार मांडला गेला. एका कोपऱ्यात माझी भुतं, राजे आणि सासवा, दुसऱ्या कोपऱ्यात सरांचं लोखंड. मुलांना ताकीद होती, मरायचं असेल तर टाकीच्या अलीकडे मरायचं.

सर घरंदाज जैन कुटुंबातले. दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणजे संध्याकाळच्या तालमीत माझा खलनायक रंगात आला की सरांचा डबा उघडायचा. एकदा मांडणीच्या पायाशी गांधीलमाश्यांनी घर केलं. शिपाई धोंडीमामा रॉकेलचा बोळा घेऊन आले. सरांनी त्यांना अडवलं आणि पुढचे कितीतरी महिने माश्यांची क्षमा मागितल्यासारखे वाकून, आडवे होऊन पट्ट्या बघत राहिले. दोनदा चावल्या. "त्येंचीबी जागा हाय," एवढंच म्हणाले, सुजलेल्या ओठांनी.

वर्गात ते मुलांना केसातल्या पिना वाकवायला लावत. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तुटेपर्यंत. तुटली की लगेच टोक ओठाला लावा म्हणत. टोक गरम लागायचं. "बघा, तुटताना तिला किती त्रास झाला," सर म्हणायचे. भौतिकशास्त्रातली ऊर्जा काय असते ते मला, मराठीच्या बाईला, तेव्हा समजलं. मुलींच्या वेण्या मात्र महिनाभर सुटलेल्या असायच्या आणि जिमखान्याच्या बाई सरांच्या नावानं बोटं मोडायच्या.

आणखी एक खोड होती. सर कुठल्याही जिन्याचा कठडा धरत नसत. मधोमध चालत. लग्नाच्या मांडवात गेले तर आधी व्यासपीठाखाली डोकावून बघत, वधूवरांकडे नंतर. मी थट्टा करायची, "सर, अक्षता वधूवरांवर टाकायच्या असतात, नटबोल्टांवर नाही." ते हसायचे. कठड्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

पट्ट्यांच्या मांडण्या एकूण तीन होत्या. एक आमच्या गच्चीवर, एक बिद्रीजवळ एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर, कारण तिथे उसाच्या हंगामात धूर असतो, आणि एक गारगोटीला, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घराच्या पत्र्यावर, कारण तिथे डोंगराचा पाऊस. सर सुट्टीत एसटीनं फिरून त्यांची खबर घेत. एकदा बिद्रीला गेले तर मांडणी रिकामी.

"पट्ट्या कुठं गेल्या हो?" सरांनी विचारलं.

"आवो सर, काय बेस लोखंड तुमचं!" शेतकरी खुशीत म्हणाला. "नुसतं गंजत पडलंतं. मी म्हटलं वाया जातंय. लोहाराकडनं खुरपी काढली. ही घ्या, एक तुमच्यासाठी ठेवलीया. मूठ बाभळीची हाय."

सर ती खुरपी घेऊन परत आले. ती त्यांनी मला टेबलावर ठेवून दाखवली. मी इतकी हसले की स्टाफरूममधले इतिहासाचे सर पाणी घेऊन धावले.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?"

"काय म्हणणार? धार चांगली हाय म्हटलं."

गारगोटीला तर त्याहून बहार. खंडेनवमीला घरोघर लोखंडाची पूजा होते. विद्यार्थ्याच्या आईनं विचार केला, एवढं सरांचं लोखंड आपल्या पत्र्यावर, ते काय बिनपूजेचं राहील? तिनं शिडी लावून घेतली. प्रत्येक पट्टीला हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वर नारळाचं पाणी. आणि हे तिनं एकाच वर्षी नाही, दरवर्षी केलं होतं, न सांगता, कारण पुण्य सांगून करायचं नसतं. सर गेले तेव्हा पट्ट्यांवर गंजाचे असे काही नकाशे उमटले होते की कुठल्याच हवेला त्याचा जाब विचारता येणार नव्हता.

"मग?"

"मग काय. प्रसादाची खीर दिली. खाल्ली."

मी तेव्हाही हसले. सर हसले नाहीत, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की या पट्ट्यांत नुसत्या अभ्यासापलीकडचं काहीतरी अडकलेलं आहे. आता गच्चीवरच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

कारण कळलं ते गडहिंग्लजला. वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. परतताना सर म्हणाले, "जवळच गाव हाय आमचं. अप्पांना भेटून जाऊ."

अप्पा म्हणजे सरांचे वडील. बाहेरच्या सोप्यात पलंगावर बसलेले, नव्वदीच्या घरातले, एक पाय कायमचा आखडलेला. हात मात्र अजून लोखंडी पान्यासारखे घट्ट. सर पाया पडले. अप्पांनी कसा आहेस विचारलं नाही, प्रवास विचारला नाही. एकच शब्द विचारला.

"किती?"

"अजून हैत अप्पा पट्ट्या. थोडीच वर्षं राहिली."

"हं," अप्पा म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून, एकदम दुसऱ्याच गोड आवाजात, "बसा की पोरी, चहा घ्या."

चहा घेताना सरांच्या आईनं सांगितलं. अप्पा एका साखर कारखान्यात फिटर होते. तो कारखाना आता बंद आहे, नाव घ्यायचं कारण नाही. उंचावरच्या अरुंद वाटेवरून जाताना त्यांनी कठडा धरला आणि कठडा हातात आला. अप्पा खाली. चौकशी झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, मगदूम पान लावत होता, कठड्यावरचा हात सोडून. कागदावर तसंच आलं. तुटलेला कठडा तोवर भंगारात गेला होता, दाखवायला काही उरलं नव्हतं. अप्पा घरी बसले ते बसलेच. गावातली पोरं त्यांना बघून हाताला चुना लावल्याची नक्कल करायची. त्या दिवसापासून अप्पांनी पानाला हात लावला नव्हता.

"ह्येनी कठडा धरलाता का न्हाय धरलाता, ह्येचं उत्तर कुणी द्यावं?" सरांची आई म्हणाली. "म्हणून ह्या माझ्या तम्मानं, ल्येकानं, लोखंडच लावलं मोजायला."

तो कठडा जितकी वर्षं उभा होता, तितकी वर्षं शेवटच्या पट्ट्या गच्चीवर राहायच्या होत्या. थर टिकून गंज मंदावला असेल, तर कठडा धड होता आणि अप्पांचं चुकलं. खाणं चालू राहिलं असेल, तर तो आतून संपला होता आणि कितीही घट्ट धरला असता तरी हातातच येणार होता. हवा थोडी वेगळी, कठड्याची नळी वेगळी, सर हे सगळं जाणून होते. पण ज्याला एवढंसुद्धा कुणी कधी मोजून दिलं नव्हतं, त्या माणसाला ते मोजून देणार होते. येताना बसमध्ये मी कुठलाही विनोद केला नाही, आणि माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारा, तसं फार वेळा होत नाही.

आता पुढचं. हे लिहायला मी इतकी वर्षं थांबले ती सरांच्या शब्दासाठी. "धोंडीमामा हैत तवर लिवायचं न्हाय," असं त्यांनी मला बजावलं होतं. मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. सर आता निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडे असतात. मी फोन केला, लिहू का म्हणून.  मग म्हणाले, "लिवा. पण मामांना हसू नका."

नाही हसत, सर.

कॉलेजात तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हणजे काय होतं ते ज्यांनी कॉलेजात नोकरी केली त्यांना सांगायला नको. कुंड्या गेरूनं रंगल्या, बंद पडलेलं कारंजं उडू लागलं, ग्रंथालयात न वाचलेली पुस्तकं चाळून ठेवली गेली. मी स्वागतगीत बसवत होते. गच्चीच्या जिन्याचा कठडा घासून रंगवायला माणसं लावली होती, त्यांच्या ग्राइंडरच्या आवाजात माझ्या मुलींचा गंधार हरवला होता. त्याच आठवड्यात अप्पांना गडहिंग्लजच्या दवाखान्यात ठेवलं म्हणून सर रजेवर गेले.

धोंडीमामांचा सरांवर फार जीव. मामांच्या पोराला सरांनी फुकट शिकवून डिप्लोमाला घातलं होतं, तो आता चांगल्या नोकरीला होता. मागची समिती आली तेव्हा कुणा सदस्यानं गच्चीवर येऊन सरांना विचारलं होतं, "हे भंगार कशाला ठेवलंय?" सर सगळ्यांसमोर ओशाळे झाले होते. मामा चहाचा ट्रे घेऊन मागेच उभे होते. ते त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

सर परत आले त्या दिवशी मामा फाटकातच उभे. "सर, आधी वर चला. म्याडम, तुमीबी या."

जिना चढून शेवटच्या पायरीवर मामांनी सरांना थांबवलं. "डोळं मिटा सर." सरांनी मिटले. ते कुणाचंही ऐकत. मामांनी त्यांचा दंड धरून त्यांना मांडणीसमोर नेलं. मी नाटकवाली बाई, पडदा वर जाण्याआधीच्या त्या क्षणावर मी आयुष्यभर जगले. पण तेव्हा मला पुढे काय आहे ते दिसत होतं, आणि तो पडदा वर जाऊ नये असं मला वाटलं.

"आता उघडा."

पट्ट्या चांदीसारख्या चमकत होत्या. सगळ्या. ग्राइंडरनं घासून, पुसून, वर चंदेरी रंगाचे दोन हात.

 एक पट्टी सरांनी गुंडीवरून सोडवली, उलटी केली. मागची बाजूही चंदेरी.

"मागनंबी?" सर म्हणाले.

"मागनंबी की सर! काम म्हंजे काम. ग्राइंडरवाल्याला म्हटलं, आरसा झाला पायजे. आणि सर, हात न्हाय लावला बरं का. तुमी सांगितलंतं न्हवं, घाम लागतो म्हणून. हातमोजं घातलंतं आमी दोघांनी."

सरांचा अंगठा पट्टीच्या कोपऱ्यावरून फिरला. जिथे क्रमांक ठोकलेला असायचा तिथे सपाट, गुळगुळीत. रंग काढता आला असता. गंज तर काढायचाच होता. पण ग्राइंडरनं लोखंडही उडवलं होतं, आणि आता काट्यावर जे कमी भरेल त्यात हवेनं किती खाल्लं आणि ग्राइंडरनं किती, हे जगातला कुणीही सांगू शकत नव्हता.

मामा सरांच्या तोंडाकडे बघत होते. बक्षीस समारंभात नाव पुकारायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"बरं झालं न्हवं सर?"

सरांनी पट्टी जागेवर ठेवली. नीट, तिरपी, दक्षिणेकडे तोंड करून. मग मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "लई कष्ट घेतलंसा मामा."

"आता कोन भंगार म्हणतंय बघतो!"

"व्हय. आता कोन म्हणत न्हाय."

आम्ही खाली आलो. सर जिन्याचा कठडा धरून उतरले. ओला होता, तळहाताला चंदेरी रंग लागला. नंतर समिती आली. एका सदस्यानं मांडणीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि अहवालात गच्चीवरच्या आकर्षक मांडणीचा वेगळा उल्लेख केला.

दोन आठवड्यांनी सर माझ्या टेबलापाशी आले. "बाई, रविवारी गावाकडं येशीला काय? अप्पांना घरी आणलंय. वर्षं भरली, त्येंना ठाऊक हाय. विचारणार."

"काय सांगणार तुम्ही?"

"म्हणून तर तुमाला नेतोय. नाटक तुमाला येतं."

गडहिंग्लजच्या एसटीत खिडकीजवळच्या सीटवर आम्ही तालीम केली. मी पुष्कळ नटांना घडवलं, बोबड्यांना, तोतऱ्यांना, आमदारांच्या भाच्यांना, पण इतका वाईट नट मला कधी मिळाला नाही.

"अप्पा, तुमी बरोबर हुता. कठडा निम्मा संपलाता," सर म्हणाले, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत.

"खाली बघू नका. त्यांच्याकडे बघा."

"अप्पा, तुमी... बाई, निम्मा म्हणू का निम्म्याच्या आसपास?"

"सर, जरा सुद्धा आसपास नाही. आसपास म्हणालात की ते ओळखतील."

"पण निम्मा म्हटलं की खोटं हुतंय."

"सगळंच खोटं आहे, सर!"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी हळू आवाजात म्हणाले, "मग खरं सांगा ना. मामांनी काय केलं ते सांगा. अप्पा समजून घेतील."

"खरं काय हाय? मला ठाऊक न्हाय, एवढंच खरं. अप्पांना 'ठाऊक न्हाय' म्हटलं तर त्येंच्या कानाला काय ऐकू येईल? तूच हात सोडलास, असं ऐकू येईल." मग म्हणाले, "आणि त्ये म्हणतील, बरं, परत लाव पट्ट्या."

आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. सरांना डोळे पुसावे लागले, आणि ते पुसतच राहिले.

"आलेखातली रेघ कुठं वळली असंल कुणास ठाऊक," ते म्हणाले. "कदाचित मंदावलंबी असंल. मग कठडा धड हुता. मग अप्पांचंच..." ते सीटवर सरळ झाले. "पुन्हा करू या बाई. अप्पा, तुमी बरोबर हुता."

कंडक्टर तिकिटांची बॅग सावरत उभा होता. "काय पावणं, नाटक बिटक काय?"

"व्हय," सर म्हणाले. "एकच वाक्य हाय. त्येबी पाठ हुईना."

सोप्यात अप्पा उशांना टेकून बसले होते. अर्धे झाले होते. सर पाया पडले आणि तसेच पलंगाच्या काठावर बसले. मी दाराशी उभी राहिले, विंगेत उभी राहते तशी.

"किती?"

सरांनी वर पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. "निम्मा, अप्पा. कठडा निम्मा संपलाता. कुणीबी धरला असता तरी हातात आला असता. तुमी बरोबर हुता."

एकाही शब्दाला धक्का लागला नाही. मी शिकवल्याहून कितीतरी चांगलं म्हटलं त्यांनी. मला टाळी वाजवावीशी वाटली आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

अप्पा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मी धरलाता," ते म्हणाले. "म्हणतोय न्हवं कवापासनं." मग आत हाक मारली, "ए, पान हाय का ग घरात?"

पान नव्हतं. त्या घरात इतक्या वर्षांत पान आलंच नव्हतं. सरांची आई शेजारी धावली. तिनं आणलेल्या पानाला चुना मी लावला. अप्पांनी सावकाश पान चघळलं, ओठ लाल झाले, आणि त्या लाल ओठांनी ते सरांकडे बघून हसले. सर उठून परसात गेले ते बस निघायची वेळ होईपर्यंत आत आले नाहीत.

पुढचे दोन महिने अप्पांनी तेवढंच एक काम केलं. येईल त्याला बोलावून, बसवून, पान देऊन सांगितलं. माझ्या पोरानं मोजलं. काट्यावर मोजलं. निम्मा. जे येऊ शकत नव्हते त्यांना फोन लावून घेतले. मग एका सकाळी गेले.

मी भेटायला गेले तेव्हा सोपा माणसांनी भरला होता. सर भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते, डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली. एकेक जण यायचा, हात जोडायचा आणि तेच म्हणायचा. कारखान्यातला एक म्हातारा सोबती काठी टेकत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "लेकरा, तुझ्या बाला आमीबी नावं ठेवली. तू शास्त्रानं शिद्द केलंस. आता कुनाची तोंड वर करायची टाप न्हाय." सर मान हलवत होते. प्रत्येकाला. आणि दर खेपेला मान थोडी अधिक खाली जात होती. ज्या आकड्यापाशी पोचायला त्यांनी आपली सगळी उमेद घातली, तो आकडा आता सगळ्या गावाला पाठ होता, आणि तो खरा की खोटा हे विचारायला जगात काही शिल्लक नव्हतं. खराही असेल. मला वाटतं, हेच त्यांना सर्वांत जास्त जाळत होतं.

तेवढ्यात दारातून धोंडीमामा आले. इस्त्रीचा सदरा, हातात चप्पल. कोल्हापूरहून एसटीनं एकटेच आले होते. कोण पाहुणे, म्हणून कुणी विचारलं.

"मी सरांच्या कॉलेजातला," मामा म्हणाले. आणि भोवतीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं तसे ताठ झाले. "त्या पट्ट्या न्हवं का? त्या माझ्याच ताब्यात हैत. कवाबी या बघायला. चकाचक ठेवल्यात. मीच रंग दिलाय."

माणसं कौतुकानं मामांकडे वळली. त्या म्हाताऱ्या सोबत्यानं तर त्यांचा हात हातात घेतला. सरांनी मान वर केली आणि एवढ्या गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. त्या सोप्यात खरं ठाऊक असलेली आम्ही दोघंच होतो. मी नजर खाली वळवली. मला बघवलं नाही.

"मामांनी लई सांभाळल्या," सर म्हणाले.

आणि भिंतीशी सरकून त्यांनी सतरंजीवर, आपल्या शेजारी, मामांना बसायला जागा करून दिली.